बाई चुकल्या त्याची गोष्ट

शिक्षकसुद्धा चुकतात बरं का! आज माझीच चूक सांगते.

मी शिरूर अनंतपाळला प्राथमिक शाळेत शिकवते. चौथीतल्या एका मुलाने विहिरीच्या खोदकामातला काळा दगड वर्गात आणला. "बाई, उन्हात फिरवला की ह्यातल्या बारक्या काड्या चमकत्यात!" मी पाढे घेत होते. म्हटलं, "साधा दगड आहे, टाकून दे." त्याने मुकाट्याने टाकला. पुढे तो काही दाखवायला म्हणून आलाच नाही.

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याला बहिणीकडे गेले. तिच्या अंगठीत एक करडा खडा होता. हात जरा हलवला, की त्यात मोरपिसासारखा निळा-हिरवा रंग झळकायचा आणि लगेच विझायचा. त्याचं नाव लॅब्राडोराइट. कॅनडातल्या लॅब्राडोरच्या किनाऱ्यावर १७७० साली सापडला, म्हणून हे नाव.

त्याला रंग कोणी लावला? कोणीच नाही! खड्याच्या आत केसाहून शेकडो पट पातळ असे थरावर थर असतात. त्यांवरून परतणारे प्रकाशकिरण एकमेकांत मिसळतात. त्यात काही रंग खुलतात, काही मावळतात. साबणाच्या फुग्यावर दिसतात ना, अगदी तसेच. थर पातळ असले तर निळा, जाड असले तर तांबूस.

घरी येऊन पुस्तक उघडलं आणि मी चपापलेच! लॅब्राडोराइट हे फेल्डस्पार कुळातलं खनिज. आपला काळा दगड म्हणजे बेसाल्ट, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. आणि त्यातल्या पांढुरक्या काड्या पुष्कळदा ह्याच खनिजाच्या असतात!

मग त्यांत मोरपिशी रंग का नाही? लाव्हा जमिनीवर आला नि लवकर निवाला. थर वेगळे व्हायला त्याला सवडच मिळाली नाही. जमिनीच्या पोटात सावकाश निवालेल्या दगडाला ती मिळाली. मीही त्या मुलाला कुठे सवड दिली होती?

शाळा उघडल्यावर सगळ्या वर्गासमोर त्याला म्हटलं, "तुझं बरोबर होतं. मी चुकले."

"पर बाई, दगड तर मी टाकलो की!"

"मग चल, शोधू या."

मधल्या सुट्टीत सगळा वर्ग दगडांच्या ढिगाऱ्यावर! तुम्हीही ताजा फुटलेला काळा दगड उन्हात फिरवून बघा. चमकणाऱ्या काडीवर लोखंडी खिळा घासा. ओरखडा उठला नाही, तर ती फेल्डस्पारची असू शकेल. मग बाईंना जरूर दाखवा. त्या पाढे घेत असल्या तरी!