वाटीच्या काठाला चुंबक

चौथीला ‘बल’ शिकवायचं म्हटलं की हात आधी खडूकडे जातो. व्याख्या लिहिली, मुलांनी उतरवून घेतली, झाला धडा. सहावीच्या विज्ञानात बल आणि चुंबक यांचे रीतसर धडे आहेत, व्याख्या तिथे भेटतीलच. माझी मुलं त्याआधीची. जुन्नर तालुक्याच्या पश्चिमेकडची द्विशिक्षकी शाळा, तिसरी-चौथी एकाच खोलीत. ही पोरं पावसाळ्यात शेवाळलेल्या दगडांवरून चपला हातात घेऊन चालतात. भोवऱ्याची आर बोथट झाली की घासून टोक काढतात. कॅरमवर पावडर किती टाकायची यावरून त्यांची भांडणं होतात. घर्षण यांच्या तळपायाला आणि बोटांना आधीच पाठ आहे. म्हणून हाताला ठाऊक असलेलं जिथे चुकतं, तिथूनच मी सुरुवात करते.

त्यासाठी विटेइतकं स्वस्त साधन नाही. विटेला सुतळी बांधायची, सुतळीला सायकलच्या जुन्या ट्यूबमधून कापलेलं रबर. शहाबादी फरशीवरून ओढायचं आणि वीट हलते त्या क्षणी रबर किती ताणलंय ते मोजायचं. आधी वीट आडवी, मग कडेवर उभी. ओढण्यापूर्वी विचारलं, कधी जास्त जोर लागेल? जवळजवळ सगळे हात आडव्या विटेच्या बाजूने. कारणही तयार होतं, ‘जास्त जागा टेकलीय, बाई.’ मोजलं तर ताण जवळपास सारखाच. एका पोराला हे अजिबात पटेना. त्याचं म्हणणं, पहिल्या ओढीत रबर सैल पडलं असणार. मग त्याच्याच सांगण्यावरून क्रम उलटा केला, आधी उभी, मग आडवी. तरी तेच. विटेवर दुसरी वीट ठेवली तेव्हा मात्र ताण दुपटीजवळ गेला.

गियोम आमाँताँ नावाच्या फ्रेंच माणसाने 1699 मध्ये हेच मांडलं होतं: घर्षण भारावर ठरतं, टेकलेल्या जागेच्या पसाऱ्यावर नाही. याचं कारण मुलांना सांगता येतं. फरशी कितीही गुळगुळीत दिसली तरी वीट तिला बारीक बारीक उंचवट्यांवरच टेकते. आडवी असताना असे बिंदू पुष्कळ, पण प्रत्येकावर दाब थोडा. उभी असताना पसारा कमी, दाब जास्त. ‘म्हणजे आडवी वीट खूप ठिकाणी, पण हळू टेकते,’ असं मागच्या रांगेतून आलं. मी ते तसंच फळ्यावर लिहिलं.

चुंबकाकडे वळलो तर शाळेच्या पेटीतले पट्टीचुंबक टाचणीसुद्धा धड उचलेनात. जोड्या लावून, टोकांना लोखंडी तुकडे देऊन ठेवले नाहीत की असे जुने चुंबक हळूहळू मवाळ होतात. पेटी कुलपात नीट होती, एवढंच तिचं कौतुक. शेवटी गावातल्या मंडपवाल्याने फाटलेला एक स्पीकर दिला. त्याच्या मागची काळी जाड चकती म्हणजे फेराइट: लोहाचं ऑक्साइड आणि स्ट्राँशियम किंवा बेरियम यांची भुकटी दाबून भाजलेली. दिसायला दणकट, पण जात चिनीमातीची. मुलांनी हातोडीने ती सोडवायला घेतली आणि तिचे दोन तुकडे झाले.

हळहळ झाली, आणि एक मुलगी फेविक्विक घेऊन ते सांधायला बसली. तडा अगदी तंतोतंत जुळणारा. पण तुकडे जवळ नेले की ते एकमेकांना ढकलायला लागले. दाबून धरले तर निसटून बाजूला. तिने वैतागून एक तुकडा उपडा केला, तर तो फटकन येऊन चिकटला. आता चुंबक जुळलं, पण तडा जुळेना.

त्या चकतीची वरची अख्खी बाजू एक ध्रुव असते, खालची दुसरा. दोन अर्धे मूळ जागी शेजारी ठेवले की उत्तरेशेजारी उत्तर आणि दक्षिणेशेजारी दक्षिण येतो, म्हणून ढकलाढकली. हे त्यांनी पटकन पकडलं. पुढचा प्रश्न तिचाच: ‘मग आख्खी होती तेव्हा कशी काय राहिली?’ मला तो फार आवडला. ढकलणं तेव्हाही चालू होतंच, फक्त भाजलेल्या मातीची पकड त्याहून जबर होती. न हलणाऱ्या वस्तूच्या पोटातही बलांची ओढाताण चाललेली असते, हे एरवी मी कशाने दाखवलं असतं?

त्या तुकड्यांनी मग गावभर धुमाकूळ घातला. विळी चिकटली, रुपयाचं नाणं चिकटलं, तांब्याची कळशी नाही. स्टीलचं ताट नाही, पण कुणाच्या घरचा डबा चिकटला. स्टील म्हणजे लोखंडच ना, मग? निकेल बऱ्यापैकी घातलं की लोखंडाच्या अणूंची मांडणी बदलते आणि चुंबक त्याला जवळजवळ ओळखत नाही. डब्याच्या स्टीलमध्ये निकेल नव्हतं. गंमत वाटीने केली. तळाला चुंबक लागेना, पण दोऱ्याने टांगलेला तुकडा काठाजवळ नेला की हलकेच तिकडे वळे. वाटी सपाट पत्र्यातून दाबून काढतात. काठाशी पत्रा जास्त ओढला-वळवला जातो आणि तिथली मांडणी थोडी पुन्हा चुंबकाला मानवणारी होते.

पाऊस झाल्यावर ओढ्याची रेती आणली. चुंबकाला आधी प्लास्टिकची पिशवी गुंडाळायची, नाहीतर चिकटलेले कण निघता निघत नाहीत. रेतीत फिरवलं की काळ्या कणांची दाढी उगवते. ते मॅग्नेटाइट, आपल्या काळ्या कातळातून झिजून आलेलं. तो कातळ साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा लाव्हा. तो निवताना त्यातल्या अशा कणांनी तेव्हाच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून ठेवली. तिच्यावरूनच कळलं, की आपली जमीन त्या काळी विषुववृत्ताच्या दक्षिणेला होती. हे ऐकून एकाने ओढ्याकडे बोट दाखवून विचारलं, ‘हा आपला ओढा पण?’ ओढा नव्हता, कातळ होता, असं सांगितलं तर तो जरा हिरमुसलाच.

पुढे आठवडी बाजारात तीच फेविक्विकवाली आजीबरोबर भांड्यांच्या पालासमोर दिसली. भांडेवाला त्याच्याजवळचं चुंबक ताटाला लावून दाखवत होता, ‘बघा आजी, चिकटत नाही, असली माल.’ पोरीने खिशातून आपला तुकडा काढला, दोरा धरला आणि वाटीच्या काठाशी टांगला. तो वळला. आजी लगेच भाव पाडायला लागली. पोरगी तिला परोपरीने समजावत होती, की वाटी चांगलीच आहे, काठ वळवल्यामुळे तसं होतं. आजीने तिला कोपराने गप्प केलं आणि वीस रुपये कमी करूनच वाट्या घेतल्या.