कासरगोडची सकाळी नऊची गाडी

कासरगोडला गेलात तर बेकलचा किल्ला तुम्ही बघालच. केरळमधला हा सर्वांत मोठा किल्ला, थेट समुद्रात घुसलेला. मणिरत्नमच्या 'बॉम्बे' सिनेमातलं एक गाजलेलं गाणं इथंच चित्रित झालं, त्यामुळे बुरुजावर हात पसरून फोटो काढणाऱ्यांची कायम गर्दी. मीही काढला. नोकरीत मी 'पावसाळ्यात भेट द्यावी अशी १० ठिकाणं' छापाचे लेख लिहिते आणि खरं सांगायचं तर त्यातल्या निम्म्या ठिकाणी मी कधी गेलेली नाही. इथं मात्र मुद्दाम आले, तेही किल्ल्यासाठी नाही. तुम्हालाही एक विनंती आहे. किल्ला बघून झाला की समुद्राकडे पाठ करा आणि पूर्वेला, डोंगराच्या बाजूला, तासभर प्रवास करा.

मुंबईहून निघणारी नेत्रावती एक्सप्रेस कासरगोडला थांबते. मंगळूरच्या पुढे साधारण पन्नास किलोमीटर. कोकणातल्या माणसाला इथं परकं वाटत नाही. तोच जांभा दगड, तीच लाल माती, काजू, फणस, सुपारीच्या बागा. हा जिल्हा सात भाषांचा म्हणून ओळखला जातो आणि त्यात मराठीही आहे. इथला मराटी समाज आणि कऱ्हाडे कुटुंबं पिढ्यान् पिढ्या इथंच राहतात. बसमध्ये माझ्या मागच्या बाकावर दोन आज्या गप्पा मारत होत्या. आधी वाटलं कोंकणी असेल, मग हळूहळू अर्धी अर्धी वाक्यं कळायला लागली आणि मी उगाचच मागे वळून हसले.

या काजूच्या टेकड्यांना एक वाईट इतिहास आहे. इथल्या हजारो एकर काजू बागा केरळ सरकारच्या बागायत महामंडळाच्या. काजूच्या मोहोरावर पडणाऱ्या ढेकण्यासारख्या किडीसाठी सत्तरच्या दशकाच्या अखेरीपासून २००० सालापर्यंत तिथं हेलिकॉप्टरमधून एंडोसल्फान फवारलं गेलं. बागा टेकड्यांवर आणि वस्ती उतारावर. इथली जुनी पाण्याची सोय म्हणजे 'सुरंगम', डोंगराच्या पोटात आडवी खणलेली विहीर. तिच्यातून झिरपणारं पाणी उघड्या टाक्यात साठतं. वरून फवारलेलं औषध कुठं कुठं गेलं असेल, याचा अंदाज तुम्हीच करा.

मग गावांत एकामागून एक मुलं जन्मजात व्यंग, झटके, मतिमंदत्व घेऊन जन्माला येऊ लागली. पड्रे गावातले पत्रकार श्री पड्रे आणि तिथले डॉक्टर मोहन कुमार यांनी हे लिहायला, मांडायला सुरुवात केली. कृषी खात्यातल्या लीलाकुमारी अम्मा यांनी फवारणीविरुद्ध कोर्टात धाव घेतली. आजारांचं कारण नेमकं हेच का, यावर शास्त्रज्ञांमध्ये वाद झाले, अजूनही होतात. पण २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर देशभर बंदी घातली आणि २०१७ मध्ये पीडितांना प्रत्येकी ५ लाख रुपये तीन महिन्यांत द्यायचा आदेश दिला. अनेकांना त्यासाठी पुढे कितीतरी वर्षं वाट बघावी लागली. सरकारी यादीत सहा हजारांहून जास्त नावं आहेत.

हे सगळं तुम्हाला इंटरनेटवर वाचायला मिळेल. तिथं बहुतेक फोटो एकाच प्रकारचे असतात, आईच्या मांडीवर आडवं पडलेलं लेकरू. फोटोतली ती मुलं आता मोठी झालीत. कोणी वीस वर्षांचं, कोणी तीस. मांडीवर मावत नाहीत. त्यांचा दिवस कसा जातो, हे बघायला मी आले होते.

कारण घरातलंच आहे. माझा मावसभाऊ चिपळूणला असतो. त्याला सेरेब्रल पाल्सी आहे. चालता येत नाही, बोलता येत नाही, हसतो मात्र खूप. २०१६ च्या कायद्याने दिव्यांग मुलांना ६ ते १८ वयापर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे, त्यामुळे अठरापर्यंत तो शाळेत जायचा. अठरा पूर्ण झाली, शाळा संपली. आज तो तेवीस वर्षांचा आहे. पाच वर्षं तो खिडकीजवळच्या पलंगावर आहे, आणि मावशी त्या खोलीत.

केरळमध्ये यावर एक उत्तर शोधलंय. त्याचं नाव 'बड्स', म्हणजे कळ्या. २००४ मध्ये तिरुवनंतपुरम जिल्ह्यातल्या वेंगानूर पंचायतीत पहिली बड्स शाळा सुरू झाली. पंचायतीने जागा द्यायची, खर्च उचलायचा आणि 'कुटुंबश्री' या महिलांच्या बचत गटांच्या जाळ्याने साथ द्यायची. आज राज्यात अशा तीनशेहून जास्त संस्था आहेत. अठरापर्यंत बड्स शाळा आणि अठरानंतर बड्स पुनर्वसन केंद्र. फी नाही. कासरगोडच्या पीडित पंचायतींमध्येही अशी केंद्रं उभी राहिली. त्यातल्या एकात मी एक दिवस होते. गावाचं नाव लिहीत नाही, कारण तिथं लोक कॅमेरे घेऊन यायला लागले की आयांना ते आवडत नाही. मी फोटो काढले नाहीत.

दिवस सुरू होतो गाडीपासून. सकाळी साडेसातला एक मळकी पांढरी गाडी निघते आणि जांभ्याच्या चढांवरून घर घर करत नऊच्या सुमारास केंद्रावर पोचते. ड्रायव्हरदादा आणि गाडीतली 'आया', म्हणजे मदतनीस ताई, दोघं मिळून मुलांना उचलतात. एका घरापर्यंत गाडी जात नाही, तिथं ताई सुपारीच्या बागेतून चालत जाते आणि एका तेवीस-चोवीस वर्षांच्या मुलीला हाताला धरून पायवाटेने घेऊन येते. त्यात वीस मिनिटं जातात. गाडीत बसलेले बाकीचे तोवर वाट बघतात. कोणी चिडचिड करत नाही, फक्त एक मुलगा हॉर्न वाजवायचा हट्ट धरतो आणि ड्रायव्हरदादा त्याला रोज एकदा वाजवू देतात.

केंद्र म्हणजे तीन खोल्या, एक व्हरांडा, व्हीलचेअरसाठी उतार आणि मोठं न्हाणीघर. मी आधी भिंतीवरची चित्रं बघत होते. टीचर म्हणाल्या, आधी न्हाणीघर बघा. मोठ्या माणसाला स्वच्छ करायचं तर जागा लागते, पकडायला दांड्या लागतात, दोन माणसं लागतात. घरात हे एकटी आई करते, तिची कंबर जाईपर्यंत.

सकाळी हजेरी होते. नाव घेतलं की कोणी हात वर करतं, कोणी आवाज काढतं, एक जण फक्त डोळे मिचकावतो आणि त्याची हजेरी लागते. मग व्यायाम. फिजिओथेरपिस्ट आठवड्यातून ठरावीक दिवशीच येतात, बाकी दिवस टीचर आणि ताई त्यांनी शिकवलेलं करून घेतात. हात चालणारे कागदी पिशव्या करतात. मी एक करायला घेतली. शेजारच्या मुलाने माझी घडी बघितली, हातातून काढून घेतली आणि नीट केली. मोबाइलवर गाणं लागलं की काम थांबतं. दुपारी कंजी, म्हणजे भाताची पेज, आणि मूग. चौघांना भरवावं लागतं. एकेकाला अर्धा तास, घाई केली तर ठसका लागतो. तेव्हा कोणी कोणाशी फारसं बोलत नाही.

एक आई त्या दिवशी सोबत आली होती. टीचरने तिचं बोलणं मला हिंदीत सांगितलं. तिचा मुलगा सव्वीस वर्षांचा. केंद्र सुरू झालं त्या पहिल्या दिवशी गाडी त्याला घेऊन गेली, तेव्हा तिने काय केलं असं मी विचारलं. मला वाटलं रडली असेल. ती म्हणाली, झोपले. दुपारी दोनपर्यंत झोपले. आता ती त्या वेळात शेजारच्यांकडे सुपारी सोलायला जाते. कमाई थोडीच, पण चार बायकांत बसणं होतं. सांभाळणाऱ्यासाठी केरळ सरकारची महिना ६०० रुपयांची योजना आहे. ते पैसे कधी येतात, असं विचारल्यावर ती आणि टीचर दोघी हसल्या.

सगळं छान आहे असं मी सांगणार नाही. रविवारी आणि सुट्टीत केंद्र बंद. मोठ्या पावसात चढावर गाडी जात नाही, मग मुलं आठवडाभर घरीच. जी अंथरुणावरून उठूच शकत नाहीत, ती गाडीत बसू शकत नाहीत, म्हणजे ज्यांच्या आयांना सुटका सर्वांत जास्त हवी, त्यांच्याच दारात गाडी थांबत नाही. आणि 'आमच्यानंतर कोण?' या प्रश्नाला साडेतीन वाजता बंद होणाऱ्या केंद्राकडे उत्तर नाही.

तुमच्या घरात असं कोणी अठराच्या आसपास असेल तर दोन गोष्टी मात्र लगेच करा. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली 'निरामय' ही आरोग्य विमा योजना आहे, १ लाखापर्यंतची. तिचा अर्ज भरा. आणि अठरानंतर कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक समितीकडे अर्ज करा. अठरानंतर कायद्याच्या नजरेत आई आपोआप पालक राहत नाही, हे माझ्या मावशीला पाच वर्षं कोणी सांगितलं नव्हतं.

साडेतीनला गाडी परत भरली. हॉर्नवाल्या मुलाचा सकाळचा कोटा संपला होता, तरी त्याने हात पुढे केला आणि ड्रायव्हरदादांनी मान हलवून नाही म्हटलं. मी स्टेशनवर येऊन मावशीला फोन लावला. किल्ल्याबद्दल सांगितलं, केंद्राबद्दल सांगितलं. न्हाणीघराबद्दल, पिशव्यांबद्दल, पेजेबद्दल. ती ऐकत होती. मागे मावसभाऊ कशाला तरी हसत होता. मग तिने एकच विचारलं.

"गाडी दारात येते गं?"