दाद-फिर्याद

'दाद' हा शब्द फारसीतून मराठीत आला आणि येथे त्याने दोन संसार थाटले. गवयाने एखादी जागा सुरेख घेतली की आपण त्याला दाद देतो आणि अन्याय झाला की आपण दाद मागतो. मूळ अर्थ न्याय असाच आहे. चांगल्या गाण्याचे कौतुक करणे हाही एक न्यायच, असे जुन्या लोकांना वाटत असावे. माझे उभे आयुष्य न्यायालयाच्या कचेरीत दुसऱ्या अर्थाची दाद मागणाऱ्यांचे अर्ज हाताळण्यात गेले. निवृत्तीनंतर हा शब्द सुटला असे वाटले होते. पण गेल्या वर्षभरात तो घरातच ऐकू येऊ लागला, आणि तोही खेळाच्या निमित्ताने.

माझा नातू एकोणीस वर्षांचा आहे. येथेच महाविद्यालयात जातो आणि रात्री भ्रमणध्वनीवर एक खेळ खेळतो. खेळाचे नाव मी सांगत नाही, कारण मला जे म्हणायचे आहे ते त्या एका खेळापुरते नाही. ज्या वाचकांनी नातवंडांच्या खांद्यावरून कधी डोकावून पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. ह्या जातीच्या खेळांत अनेक जण एका ओसाड प्रदेशात हवाई छत्रीने उतरतात. ओस घरांतून शस्त्रे गोळा करायची, लपायचे, नेम धरायचा. भोवतालचे वर्तुळ आकसत जाते आणि शेवटी जो उरेल तो जिंकतो. चौघांची तुकडी करून खेळता येते आणि खेळताना एकमेकांशी बोलता येते. खेळणारे कोठेही असोत.

हे शेवटचे वाक्य आपल्यासारख्या घरांनी नीट वाचावे. नातवाच्या तुकडीतले चौघेही एकाच गल्लीत वाढले. त्यांतला एक आज पुण्यात, एक इंदुरात, तर एक सुरतेला कापडाच्या पेढीवर आहे. गावात राहिला तो हा एकटा. रात्री साडेनऊ वाजता ते त्या बेटावर जमतात आणि गोळ्या झाडता झाडता कोणाच्या बहिणीचे लग्न ठरले, सुरतेच्या खाणावळीतले वरण कसे असते, शनवाऱ्याच्या रस्त्याचे काम कोठवर आले, हे सारे बोलून घेतात. आमच्या पिढीला राजघाटाच्या पायऱ्या होत्या. त्यांना हे बेट आहे. मला बेट पसंत नाही. पण पायऱ्यांवर बसायला गावात उरले तरी कोण आहे?

गेल्या पावसाळ्यात एका रात्री त्याचे खाते बंद झाले. पडद्यावर दोन ओळी आल्या : अनुचित साधनांचा वापर आढळल्यामुळे खाते कायमचे बंद करण्यात आले आहे, हा निर्णय अंतिम आहे. तीन वर्षांत मिळवलेला दर्जा गेला. सणासुदीच्या ओवाळणीतून विकत घेतलेले अंगरखे आणि बंदुकींवरची नक्षी गेली. आम्ही म्हाताऱ्यांनी आधी त्या अंगरख्यांना नाके मुरडली होती. पण गेले ते पैसे खरे होते.

"अरे, मग दुसरे खाते उघड," मी म्हणालो.

"उघडलंय, आजोबा. पण नव्या खात्याला नवशिक्यांतच टाकतात. ते तिघे वरच्या दर्जात, मी तळाला. एकत्र खेळताच येत नाही. आणि विचारायचं कोणाला? सुनवाईच नाही."

पुणेकर येथे 'दाद लागत नाही' म्हणतील. आपल्याकडच्या मराठीत हिंदीतला 'सुनवाई' मुरला आहे आणि ह्या ठिकाणी तो मला अधिक नेमका वाटतो, कारण त्यात कोणीतरी ऐकतो आहे हे गृहीत आहे.

नातू निर्दोष आहेच असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. मी त्याचा आजोबा आहे. माझ्या साक्षीचे मोल मला ठाऊक आहे. पण मी त्याच्याकडून ह्या चोरीचे तंत्र समजून घेतले आणि ते ऐकण्यासारखे आहे. खेळ चालतो तो दूरच्या एका मोठ्या यंत्रावर, ज्याला ही मुले सर्व्हर म्हणतात. प्रत्येक खेळाडू कोठे उभा आहे हे ते यंत्र क्षणोक्षणी इतरांच्या यंत्रांना कळवते. भिंतीआड लपलेला शत्रू आपल्याला दिसत नाही ह्याचे कारण एवढेच की, भिंत आपल्या पडद्यावर रंगवलेली असते. माहिती बहुधा आपल्या हातातल्या यंत्रात आलेलीच असते. लबाड माणूस एक चोरटा प्रोग्राम घालून ती भिंत पुसतो. दुसरा प्रोग्राम त्याचा नेम आपोआप धरून देतो. शिवाय संदेशाला जाण्यायेण्यास काही सहस्रांश सेकंद लागतात आणि आपल्याकडे वीज वा जाळे डळमळले की अधिकच लागतात. दोघांनाही आपणच आधी गोळी झाडली असे दिसते आणि खरे कोणाचे, हे ते दूरचे यंत्र ठरवते. अशा खेळात संशय हवेतच असतो. हरणारा म्हणतो समोरचा चोर आहे, आणि पुष्कळदा तो असतोही.

चालकांची बाजूही मांडली पाहिजे. पुरावा दाखवला तर चोराला पकडण्याची युक्ती कळते आणि तो उद्या नवी वाट काढतो. 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' चालवणाऱ्या क्राफ्टन ह्या कोरियन कंपनीने २०२१ मध्ये लाखो खाती बंद केल्याचे जाहीर केले होते. लाखो आरोपींची सुनावणी माणसे बसवून करायची तर पगार कोणी द्यायचा? हा युक्तिवाद पोकळ नाही. परंतु ज्या न्यायालयाच्या कचेरीत मी काम केले तेथे हरलेल्या पक्षकारालाही निकालाची नक्कल मिळे. अर्ज करावा, तिकीट लावावे, नक्कल घ्यावी. पुष्कळ जण ती वाचतही नसत, घडी करून खिशात घालत. आपण का हरलो हे कागदावर आहे, एवढ्याने माणूस घरी जायला तयार होतो, हे मी कितीतरी वेळा पाहिले आहे.

आमच्या लहानपणी गणेशोत्सवात कॅरमच्या स्पर्धा होत. पंच म्हणून स्टुलावर एक टपालमास्तर बसत. राणी घेतल्यावर कव्हर झाले की नाही, स्ट्रायकर रेषेला टेकला होता की नाही, ह्यावरून त्यांनी आमच्या गल्लीवर जे अन्याय केले त्यांची यादी मला आजही तोंडपाठ आहे. पण मास्तर संध्याकाळी घरी सापडत. त्यांच्या ओसरीवर जाऊन भांडता येई. निकाल बदलल्याचे मला आठवत नाही. चहा मात्र मिळे, आणि पुढल्या वर्षी त्या मुद्द्यावर मास्तर अधिक वाकून पाहत.

आपल्या देशी खेळांचे नियमही असेच माणसांनी बसून, भांडून ठरवले. खो-खोचे नियम १९१४ मध्ये पुण्याच्या डेक्कन जिमखान्यात लिहिले गेले. हुतूतूचे नियम १९२३ मध्ये बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने छापले. बडोद्याचे नाव आले की आपल्या लोकांची मान जरा ताठ होते. तो मोह मलाही आवरत नाही. त्याआधी गावोगावी हुतूतू वेगळा होता आणि बाहेरगावचा संघ आला की पहिला डाव नियमांच्या वादातच जाई. नियम छापील झाल्यावर वाद मिटले नाहीत. पण वाद घालायला एक पुस्तक मिळाले आणि ते छापणाऱ्यांचा पत्ता.

पडद्यावरच्या खेळांत नियम दर काही महिन्यांनी बदलतात. काल जी बंदूक घेऊन सराव केला ती आज दुबळी होते आणि पैसे देऊन मिळणारी वस्तू सबळ. हे कोणी ठरवले, का ठरवले, हे खेळणाऱ्याला बदल झाल्यावर कळते. आपल्या बऱ्हाणपुरात १६१५ च्या सुमारास रहीम खानखानाच्या काळात बांधलेला कुंडी भंडारा आहे. जमिनीखालचे पाणी बोगद्याने शहरात आणण्याची ती योजना. पाणी डोळ्याआड वाहते. पण वाटेत शंभराच्या आसपास कुंड्या आहेत आणि त्यांतून खाली डोकावता येते. ह्या खेळांना मला एकही कुंडी दिसत नाही.

आपल्या देशात तर खेळाच्या मालकावरही मालक आहे. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजी मोबाईलसह ११८ ॲपवर बंदी घातली. कारण सुरक्षेचे आणि माहितीच्या गोपनीयतेचे दिले गेले. ३० ऑक्टोबरला भारतातील खेळ थांबला. २ जुलै २०२१ रोजी तोच खेळ 'बॅटलग्राउंड्स मोबाईल इंडिया' ह्या नावाने परतला, जुनी खाती त्यात आणण्याची सोय झाली. २८ जुलै २०२२ रोजी तो गूगल आणि ॲपल ह्या दोघांच्या दुकानांतून नाहीसा झाला आणि मे २०२३ च्या अखेरीस तीन महिन्यांच्या प्रायोगिक परवानगीवर पुन्हा आला. आता अठरा वर्षांखालील मुलांना दिवसाला तीन तास आणि इतरांना सहा तास अशी मर्यादा होती. देशाच्या सुरक्षेचा निर्णय खेळाडूंच्या मतदानाने व्हावा असे कोणी म्हणणार नाही. वेळेच्या मर्यादेला तर आम्ही आजीआजोबा दोन्ही हात वर करून अनुमोदन देऊ. पण माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६९-अ कलमाखालील आदेश गोपनीय ठेवले जातात. म्हणजे येथेही नक्कल नाही.

असे सर्वत्र नाही. आइसलँडची सीसीपी नावाची कंपनी २००३ पासून 'ईव्ह ऑनलाइन' हा अंतराळातला खेळ चालवते. तिच्याच एका नोकराने आपल्या खेळातल्या टोळीला मौल्यवान आराखडे गुपचूप दिल्याचे २००७ मध्ये उघडकीस आले. पंचच एका संघाला सामील! गदारोळ झाला. तेव्हा कंपनीने २००८ मध्ये खेळाडूंची एक परिषद निर्माण केली. खेळाडूंनी मत देऊन नऊ प्रतिनिधी निवडायचे आणि त्यांनी रेक्याविकला जाऊन चालकांसमोर बसायचे. २०११ च्या उन्हाळ्यात ह्याच खेळात पात्राच्या डोळ्यावर लावायचा एक काचेचा तुकडा साठाहून अधिक डॉलरांना विकायला ठेवला गेला आणि कंपनीचे एक अंतर्गत पत्रक बाहेर फुटले. त्यात खेळाडूंकडून पैसा कसा काढावा ह्याची चर्चा होती. हजारो खेळाडू खेळातल्याच बाजारपेठेत जमले आणि तेथल्या एका पुतळ्यावर गोळीबार करीत राहिले. पुतळा फुटणे शक्य नव्हते. हे त्यांनाही ठाऊक होते. कंपनीने परिषदेला तातडीने बोलावले आणि ऑक्टोबरात प्रमुखाने जाहीर क्षमा मागितली. ती परिषद केवळ सल्ला देते, आज्ञा करू शकत नाही. तरीही हा प्रकार मला आमच्या मास्तरांच्या ओसरीजवळचा वाटतो.

विकत घेतलेल्या वस्तूंचे काय, हा प्रश्नही आता जगात विचारला जात आहे. युबिसॉफ्ट ह्या फ्रेंच कंपनीने ३१ मार्च २०२४ रोजी 'द क्रू' ह्या मोटारशर्यतीच्या खेळाचे सर्व्हर बंद केले आणि ज्यांनी तो पूर्ण किंमत देऊन घेतला होता त्यांच्याकडे काहीच उरले नाही. त्यातून उभ्या राहिलेल्या चळवळीच्या युरोपीय अर्जावर जुलै २०२५ पर्यंत दहा लाखांहून अधिक सह्या झाल्या. आपल्याकडे २०२५ च्या ऑगस्टमध्ये ऑनलाइन खेळांचा कायदा झाला. त्याचा मुख्य रोख पैसे लावून खेळण्यावर आहे, आणि तो योग्यच आहे. त्याने कितीतरी घरे वाचतील. पण पैसे न लावता, केवळ मित्रांसाठी खेळणाऱ्या मुलाची फिर्याद वेगळी आहे.

नातवाने तीन अर्ज स्वतः केले होते. चौथा मी लिहिला. इंग्रजीत, परिच्छेदांना क्रमांक घालून, खात्याचा तपशील, बंद झाल्याची तारीख, आणि शेवटी विनंती : आरोप ज्या नोंदीवर आधारलेला आहे तिचा उतारा मिळावा. तीस वर्षांच्या सवयीने 'आणि योग्य वाटेल ती अन्य दाद' हेही वाक्य घातले. अर्ज गेला. उत्तर यायला चार मिनिटे लागली. त्याच दोन ओळी होत्या.

"चार मिनिटांत निकाल, आजोबा! तुमच्या कोर्टापेक्षा फास्ट," तो म्हणाला. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते.

दिवाळीच्या आधी सुरतेच्या मुलाने आपले वरच्या दर्जाचे खाते बाजूला ठेवून एक नवे उघडले. आठवड्याभरात इंदूरच्याने उघडले. पुण्याचा कुरकुरला, त्याचा दर्जा सर्वांत मोठा होता. कालपासून तोही आला आहे. रात्री साडेनऊला आतल्या खोलीतून आवाज येतात : "डावीकडे बघ रे", "वरणात मीठच नव्हतं आज", "कोणीतरी मागं आहे". चौघेही तळाच्या वर्गात आहेत.