सन १३४७ : एक आकडा, तीन उत्तरे

१/
२०१८ च्या दिवाळीत आमच्या घरी आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाचा विषय निघाला. आधारकार्डावर त्यांची जन्मतारीख १ जून. शाळेत नाव घालताना गुरुजींनी एका अख्ख्या पिढीला बहाल केलेली. खरी तारीख हवी, म्हणून ट्रंकेतून निजामकालीन शाळेचा उर्दू दाखला बाहेर निघाला. मी तेव्हाच्या औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, प्रोग्रामिंग करतो. तारीख काढण्याचे काम साहजिकच माझ्याकडे आले.

२/
दाखल्यावरचे आकडे तेवढे मला ओळखता आले : दिवस ७, सन १३४७. कागद उर्दू, म्हणजे सन हिजरी असणार, असे मी गृहीत धरले. प्रोग्रामने उत्तर दिले : १९२८-२९. आजोबा हसले. "म्हणजे पोलीस ॲक्शनच्या वेळी मी वीस वर्षांचा होतो? मग वडिलांचं बोट धरून फौजेच्या गाड्या बघत कोण उभं होतं रे?"

३/
शेजारच्या निवृत्त उर्दू शिक्षकांनी महिना वाचून दिला : खुर्दाद. नाव फारसी, म्हणून मी इराणी सौर पंचांगाची तयार लायब्ररी जोडली. या खेपेस उत्तर आले १९६८. त्या वर्षी तर माझे वडील जन्मले! प्रोग्राममध्ये कुठेही चूक दिसत नव्हती. चूक होती ती मी त्याला विचारलेल्या प्रश्नात.

४/
तो सन होता फसली. फसल म्हणजे पीक. हिजरी वर्ष चांद्र असल्याने सौर वर्षाहून सुमारे ११ दिवसांनी लहान असते. त्याचे महिने ऋतूंतून सरकत जातात. शेतसारा मात्र पीक हाती आल्यावरच मागता येतो. म्हणून महसुलासाठी सौर गणनेचा हा सन आला. दख्खनेत तो शाहजहानच्या काळात, १६३६ मध्ये सुरू झाला. त्याच वर्षी तरुण औरंगजेब दख्खनचा सुभेदार झाला.

५/
आरंभी दोन्ही सनांचा आकडा एकच होता : १०४६. पुढे हिजरी वर्षे लवकर संपत गेली आणि अंतर वाढले. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाने शरणागती पत्करली, तेव्हा हिजरी सन १३६७ होता आणि फसली १३५७. तीन शतकांत दहा वर्षांची तफावत! माझ्या प्रोग्रामने आजोबांना नेमके तेवढेच म्हातारे केले होते.

६/
फसलीत ५९० मिळवले की इसवी सन मिळतो, असे अनेकदा सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. निजामी राज्यात फसली वर्ष ऑक्टोबरच्या सुरुवातीस, आजुर महिन्याने सुरू होई. त्यामुळे डिसेंबरअखेरपर्यंत ५९० आणि जानेवारीपासून वर्ष संपेपर्यंत ५९१ मिळवावे लागतात. इराणात मात्र वर्ष नवरोजला, फर्वर्दीनने सुरू होते. महिन्यांची नावे तीच, ऋतू वेगळे.

७/
आजुरपासून मोजले तर खुर्दाद सातवा महिना, म्हणजे साधारण एप्रिल. १३४७ + ५९१ = १९३८. एप्रिल १९३८ चा जन्म, म्हणजे सप्टेंबर १९४८ मध्ये वय दहा. वडिलांचे बोट धरण्याचेच वय. माझे गणित आणि आजोबांची आठवण अखेर एका ठिकाणी आली.

८/
आता सर्वांच्या ओळखीचे उदाहरण. जेधे शकावलीनुसार शिवजन्म शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया, शुक्रवारचा. आपण त्याचा दिनांक १९ फेब्रुवारी १६३० मानतो. पायथॉनला त्या तारखेचा वार विचारा. उत्तर येईल मंगळवार. शकावली चुकली का? नाही. १९ फेब्रुवारी ही ज्युलियन तारीख आहे, आणि पायथॉन सर्वच भूतकाळाला ग्रेगोरियन पंचांग लावतो. १ मार्च १६३० हा ग्रेगोरियन दिनांक द्या, शुक्रवार मिळेल.

९/
म्हणून जुन्या कागदावरचा वार, तिथी, नक्षत्र, महिन्याचे नाव यांना मी आता सजावट समजत नाही. ते आकड्याचे साक्षीदार आहेत. जुन्या नोंदींच्या कामात मी चार रकाने ठेवतो : मूळ मजकूर जसाच्या तसा, पंचांगाचे नाव, रूपांतरित तारीख, आणि ती दिवसापर्यंत पक्की की फक्त महिन्यापर्यंत. रूपांतर पुन्हा करता येते. पुसलेला मूळ मजकूर परत आणता येत नाही.

१०/
हजार पौर्णिमा म्हणजे सुमारे ८० वर्षे १० महिने. फेब्रुवारी २०१९ मध्ये आम्ही सोहळा केला. आजोबांनी दाखला पुन्हा ट्रंकेत ठेवला आणि मला बजावले, "आधी कागदाला विचार, मग मशीनला." मराठवाड्यातील घराघरांत असे दाखले, खासरे आणि खरेदीखते पडून आहेत. तुमच्या घरी असेल, तर सनाच्या आकड्याशेजारी महिन्याचे नाव काय आहे, ते आधी कोणाकडून तरी वाचून घ्या.