दत्तक

मॉरिशसला जाणारा प्रवासी डोडोसाठीं हळहळतो. १५९८ सालीं डच लोक तेथें उतरले आणि शंभर वर्षांच्या आंत तो न उडणारा पक्षी नामशेष झाला. आम्हींहि तीच हळहळ घेऊन किनाऱ्यालगतच्या ईल-ओ-एग्रेत या चिमुकल्या बेटावर पाऊल ठेवलें. तेथें आबनुसाच्या सावलींत एक अजस्र कासव, आमची यत्किंचितहि पर्वा न करितां, गळलेलीं फळें खात होतें.

तें मूळचें तेथलें नव्हे. मॉरिशसचीं स्वतःचीं महाकाय कासवें माणसानें केव्हांच संपविलीं. मग आबनुसाचें बीं पोटांतून दूर नेणारें कोणी उरलें नाहीं. २००० सालीं सेशेल्समधील अल्डाब्राच्या जातीचीं कासवें या बेटावर आणलीं, आणि त्यांच्या विष्ठेंतून झाडापासून दूर रोपें उगवूं लागलीं.

आपल्याकडे पूर्वीं निपुत्रिक घरांत दत्तक घेत. दत्तकानें गेलेला माणूस परत येत नसे. पण देवापुढचा दिवा तेवत राही. त्या संथ, सुरकुतलेल्या दत्तकापुढें उभें असतां नुसती हळहळ आम्हांला अपुरी वाटूं लागली. शोक करावयास कोणीहि पुढें येतो. गेलेल्याचें काम मात्र कोणाला तरी अंगावर घ्यावें लागतें.