बंपरमागचे दोन क्विंटल!

अहो, हातातला चहा ठेवा आणि आधी खाली पार्किंगमध्ये चला! तुमची गाडी टर्बो आहे ना? मग बॉनेट उघडा! आता समोर, बंपरच्या जाळीतून आत बघा. रेडिएटरपुढे बारीक पत्र्यांचं एक ॲल्युमिनियमचं जाळं दिसतंय? तोच! तोच इंटरकूलर! तिथे नसेल तर बहुधा इंजिनाच्या डोक्यावर असेल!

मी मेकॅनिक नाही, इंजिनिअर तर नाहीच. पण शहाद्याच्या एका गॅरेजमध्ये जे पाहिलं ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडत नाहीये, आणि आज तुम्ही सापडलात!

तर झालं असं, की मित्राने त्याच्या डिझेल गाडीच्या इंजिन-कॉम्प्युटरचं रीमॅपिंग करून घेतलं. बूस्ट, म्हणजे टर्बो इंजिनात कोंबतो त्या हवेचा जादा दाब, होता 1 बारच्या आसपास, तो नेला 1.4 वर. प्रकाशा गावाच्या सरळ रस्त्यावर काय पळायची! मग आम्ही निघालो सातपुड्यातल्या तोरणमाळला, आणि मग राणीपूर मागे पडलं, आणि मग सातपायरीचा घाट लागला, आणि मग पहिल्या गिअरवर एका वळणात बॉनेटखालून फुस्स असा आवाज आला, आणि मग मागे काळा धूर, आणि मग गाडीत दमच उरला नाही! आम्ही दोघांनी छातीठोकपणे सांगून टाकलं, टर्बो गेला!

टर्बो ठणठणीत होता!

गॅरेजवाल्या भाऊंनी काय केलं माहितीये? टर्बोकडून येणारा पाइप सोडवला, त्याच्या तोंडात ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेलं एक बूच घट्ट आवळलं, दुसरं टोक बंद केलं आणि कंप्रेसरने बेताची हवा भरली. मग साबणाच्या पाण्याची फवारणीची बाटली! बस, एवढंच! होजवर फवारा, काही नाही. क्लिपवर फवारा, काही नाही. इंटरकूलरच्या डाव्या टाकीच्या खालच्या कोपऱ्यावर फवारा, आणि फेस! बारीक, पांढरा, वाढत जाणारा फेस! “आठे दखा!” भाऊ म्हणाले. मी गुडघ्यावर बसून बघतच राहिलो!

आता हा कोपरा नीट बघा, खरी गंमत इथेच आहे. पुष्कळ गाड्यांत मधलं जाळं ॲल्युमिनियमचं असतं, पण दोन्ही बाजूंच्या टाक्या प्लॅस्टिकच्या! जोड कसा? मध्ये रबराचं गॅस्केट आणि भोवती ॲल्युमिनियमचे दात वाकवून आवळलेले. ना वेल्डिंग, ना बोल्ट! आणि 1 बार म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला साधारण एक किलोचा जोर. टाकीचं तोंड 150 चौरस सेंटिमीटर धरा. दीड क्विंटल! दीड क्विंटलचा जोर ती टाकी जाळ्यापासून उपटायला बघतोय, तेही त्या इवल्याशा दातांच्या भरवशावर! 1.4 बारला तोच जोर दोन क्विंटलच्या वर जातो! आणि तोही स्थिर नाही हो, तुम्ही पाय दाबला की चढतो, सोडला की उतरतो, दिवसातून शेकडो वेळा! वर उष्णतेने प्लॅस्टिक नरम, रबर कडक. मग दात हळूहळू उघडतात.

आणि उष्णता किती म्हणता! सायकलचा पंप मारताना खालून कसा चटका बसतो, तसंच हे. आमच्या नंदुरबारच्या उन्हाळ्यातली 42 अंशांची हवा घ्या. टर्बोची कार्यक्षमता 70 टक्के धरून 1 बारने दाबली की ती जाते 140 अंशांवर! 1.4 बारला 170! उकळत्या पाण्यापेक्षा किती पुढे! इंटरकूलर ती 140 ची हवा 70-72 पर्यंत उतरवतो, आणि तेवढ्याने हवा सुमारे 20 टक्के दाट होते. नुसत्या पत्र्यांनी!

पण त्यासाठी समोरून वारा हवा ना! घाटात गाडी रांगते, वारा नाही, इंजिनावर मात्र सगळा भार. त्यात तोरणमाळ साडेअकराशे मीटरवर, तिथे हवेचा दाबच समुद्रसपाटीपेक्षा 12-13 टक्क्यांनी कमी, म्हणून तोच दाब गाठायला टर्बोला जास्त फिरावं लागतं, हवा आणखी तापते. म्हणजे सपाटीवर लपलेला दोष सातपुडा बरोबर बाहेर काढतो! गळती झाली की डिझेल पुरेसं पण हवा कमी, म्हणून काळा धूर, आणि तूट भरायला टर्बो आणखी जोरात फिरतो. तसंच चालवत राहिलं तर खरोखरच टर्बोचा निकाल!

आणि हे सगळं काही आजचं नाही! टर्बोची मूळ कल्पना स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युची यांची, पेटंट 1905 चं. पोर्शेने 1978 मध्ये 911 टर्बोला इंटरकूलर दिला, तोही मागच्या पंखाखाली, का, तर तिथे वारा मिळतो! म्हणजे तिथेही प्रश्न वाऱ्याचाच!

भाऊंनी मग पूर्ण ॲल्युमिनियमचा, वेल्डिंग केलेल्या टाक्यांचा इंटरकूलर बसवला, मूळ मापाचाच. मोठा का नको? तो पुढे बसून रेडिएटरचा वारा अडवतो, आणि मग इंजिनच तापतं. होजच्या साध्या क्लिपा काढून टी-बोल्टच्या घातल्या, आणि पाइपांची तोंडं आतून पुसली, कारण इंजिनाच्या वाफेबरोबर थोडं तेल येतंच, त्यावरून होज घसरते! जाळ्यातून काय काय निघालं म्हणून सांगू! कापसाचे धागे, वाळलं गवत, किडे, चिखल! हलक्या धारेने धुवायचं, जोराच्या धारेने पत्र्या वाकतात.

आणि हो, बूस्ट वाढवला की कंपनीची वॉरंटी बहुधा हातची जाते, शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम 52 गाडीतल्या बदलांवर बंधनं घालतं. तेही आधी विचारून घ्या.

मला विचाराल तर बूस्ट वाढवायच्या भानगडीत घाटवाल्यांनी पडूच नये. पण पडणारच असाल, तर रीमॅपिंगचे पैसे मोजण्याआधी गॅरेजमध्ये साबणाच्या पाण्याची ही तपासणी करून घ्या, स्वतः शेजारी उभे राहा, आणि टाकीचे चारही कोपरे डोळ्यांनी बघा. एक जरी बुडबुडा आला तरी आधी इंटरकूलर बदला!