पट्टीवाले गुरुजी

नाताळच्या सुट्टीत आमचा पुतण्या सहकुटुंब वडोदऱ्याहून गावी आला होता. दुपारी आम्ही ओटीवर जरा आडवे झालो असता आतल्या खोलीतून पट्टी आपटल्याचा आवाज कानी आला. कोणी पोराला मारते आहे की काय, या धास्तीने आम्ही आत गेलो. पाहतो तो पुतण्याची कन्या संगणकापुढे बसून खदखदून हसत होती.

खेळाचे नाव 'बाल्डीज बेसिक्स'. मायका मॅकडॉनल्ड यांनी तो २०१८ साली रचला. हसतखेळत विद्या शिकविण्याचा आव आणणारे जे संगणकीय खेळ १९९० नंतरच्या दशकात निघाले, त्यांचे हे विडंबन होय. शाळेत विखुरलेल्या सात वह्या गोळा करावयाच्या. प्रत्येक वहीत तीन गणिते. पहिल्या वहीची उत्तरे बरोबर आली की गुरुजी प्रसन्न होऊन एक नाणे देतात. दुसऱ्या वहीतले तिसरे गणित मात्र असे काही गिचमिड असते की त्यास उत्तरच नाही. काहीही लिहा, ते चूकच! मग गुरुजी पट्टी आपटीत पाठीस लागतात आणि दर चुकीसरशी त्यांचा वेग वाढतो. जीव घेऊन पळावे, तर व्हरांड्यात धावलास म्हणून मुख्याध्यापक डांबून ठेवतात!

"काका, आमच्या लहानपणचे खेळ असे नव्हते," पुतण्या म्हणाला. 'स्टार वॉर्स' या १९७७ साली सुरू झालेल्या अंतराळकथांच्या चित्रपटमालेवरून लुकस लर्निंग या कंपनीने १९९८ साली 'ड्रॉइडवर्क्स' नावाचा खेळ काढला होता. त्यात सुटे भाग जोडून यंत्रमानव तयार करावयाचा व त्याला कामगिरीवर धाडावयाचे. रचना फसली तर भाग बदलून पुन्हा धाडावे. बल, गती, ऊर्जा यांची ओळख मुलाला नकळत होई. एकच कामगिरी आपण किती वेळा फसविली, हे पुतण्या मोठ्या अभिमानाने सांगत होता. कारण चुकला म्हणून त्याच्यावर कोणी डोळे वटारले नव्हते.

असल्या विडंबनाने मुलांच्या मनातील गुरुजनांविषयीचा आदर लोपेल, असे चार शब्द लिहिण्याचा आमचा मानस होता. परंतु लेखणी पुढे सरेना.

रविवारच्या मिस्सेनंतर मुलांना धर्मशिक्षण देण्याचे काम आम्ही पुष्कळ वर्षे करीत आलो आहोत. आरंभीच्या काळात एका आठ वर्षांच्या मुलाला आम्ही विचारले, "देव एक, तर व्यक्ती तीन कशा?" प्रश्नोत्तरीतले उत्तर त्याने घडाघडा म्हटले. आम्हांला तेवढे पुरेना. "पाठांतर नको, समजावून सांग!" ज्या रहस्यापुढे मोठमोठ्या धर्मपंडितांनी हात जोडले, ते आम्ही त्या पोराकडून उलगडून घेऊ पाहत होतो. तो गप्प राहिला. आम्ही त्याच्या तळहातावर पट्टी मारली. तेव्हा तो हळूच म्हणाला, "मास्तर, तुम्हांला येते का?" या प्रश्नाबद्दल त्याला दुसरी पट्टी मिळाली.

आज तो आमच्याच धर्मग्रामात सुतारकाम करतो. दर रविवारी भेट होते, पावसापाण्याच्या गोष्टी होतात. ती गोष्ट कधी निघाली नव्हती. सुट्टी संपून पाहुणे गेल्यावर पुढच्या रविवारी आम्ही त्याला चर्चच्या आवारात गाठून त्या दोन पट्ट्यांबद्दल क्षमा मागितली. तो बराच वेळ आपल्या तळहाताकडे पाहत राहिला. त्याचा धाकटा यंदा आमच्या वर्गात आला आहे.

"मास्तर," तो म्हणाला, "पोरगाही प्रश्न फार विचारतो."